मुके जनावर आणि चौकटीबाहेरचा माणूस

दुष्काळाचे एक ठरलेले चित्र आहे. भेगाळलेली जमीन, तिच्यावर पडलेला जनावराचा सांगाडा आणि वर कोरडे आभाळ. पुराचेही एक ठरलेले चित्र आहे. चहूकडे गढूळ पाणी आणि पत्र्याच्या छपरावर जीव मुठीत धरून उभी राहिलेली गाय किंवा शेळी. ही चित्रे इतकी अंगवळणी पडली आहेत की मथळा न वाचताही बातमी कळते. वाचक हळहळतो, पान उलटतो. या हळहळीविषयी माझी तक्रार नाही. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. हजारो माणसे ज्या आपत्तीत होरपळली, तिची खूण म्हणून वृत्तपत्राने जनावरच का निवडले? आणि ते जनावर चौकटीत आल्यामुळे चौकटीबाहेर कोण गेले?

हा प्रश्न वरवर छायाचित्रणकलेचा वाटतो. प्रत्यक्षात तो समाजरचनेचा आहे. आपल्या देशात जनावराशी माणसाचे नाते सगळ्यांचे सारखे नाही. एकाचे जनावर गोठ्यात असते, दुसऱ्याच्या वाट्याला ते मेल्यावरच येते. ज्या समाजात जिवंत बैल एका जातीचा आणि मेलेला बैल दुसऱ्या जातीचा, त्या समाजात बैलाचे छायाचित्र हे कधीच केवळ बैलाचे छायाचित्र नसते.

आरंभ १८७६–७८ च्या दुष्काळापासून करावा लागेल. मद्रास आणि मुंबई इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान असा मोठा प्रदेश या दुष्काळाने गिळला. पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. सोलापूर, नगर, पुणे, सातारा हा आपला मुलूखही त्यात होता. सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. याच दुष्काळात जोतीराव फुले यांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले, आणि सावित्रीबाईंनी १८७७ च्या एप्रिलात ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून जुन्नर भागातली दशा कळवली. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांतून याच सुमारास हिंदुस्थानातील दुष्काळाची कोरीव चित्रे छापून येत होती. दुष्काळ ही ‘पाहण्याची’ गोष्ट झाली ती इथून.

याच दुष्काळाची सर्वांत गाजलेली छायाचित्रे मद्रासकडे विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे त्याने कुटुंबाचा फोटो काढावा तशी रांगेने बसवली. या हूपरची आणखी एक चित्रमालिका प्रसिद्ध आहे. १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेस्टर्न नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने वाघाच्या शिकारीचे प्रसंग मुद्दाम मांडून त्यांची छायाचित्रे घेतली होती. तोच कॅमेरा, तोच डोळा. आधी शिकारीचा वाघ, मग उपासमारीचा माणूस. दोघेही मांडून ठेवता येतात, दोघेही प्रश्न विचारत नाहीत. साम्राज्याच्या नजरेला दोघांत फारसे अंतर वाटले नसावे.

परंतु आपल्या गावातले चित्र याहून वेगळे होते आणि ते कोणी घेतले नाही. दुष्काळात आधी चारा संपतो, मग ढोरे पडू लागतात. ढोर पडले की निरोप महारवाड्यात येतो. महाराने ते ओढून गावाबाहेर न्यायचे. ही त्याच्या वतनातली कामगिरी. सुकाळात महिन्याला एखादे ढोर पडायचे, दुष्काळात एका आठवड्यात दहा पडत. म्हणजे ज्या काळात महाराच्या पोटात अन्न नाही, त्याच काळात त्याच्या अंगावरचे काम सर्वांत अधिक. आणि हे काम मजुरीचे नव्हे. त्याच्या मोबदल्यात मिळायचे ते मेलेल्या जनावराचे मांस, म्हणजे पुन्हा अपमानच.

छायाचित्रातला सांगाडा या दृष्टीने नीट पाहिला पाहिजे. त्या सांगाड्यावर कातडे नसते. ते कुठे गेले? कातडे आपोआप गळून पडत नाही. कोणीतरी उन्हात बसून, नाकाला फडके बांधून ते सोलले आहे. दुष्काळी वर्षांत हिंदुस्थानातून कातड्यांची निर्यात वाढत असे, हे आर्थिक इतिहासाला ठाऊक आहे. म्हणजे मरणाचाही बाजार भरत होता. सोलणाऱ्याच्या हातात चार दिडक्या पडत आणि व्यापारी, अडत्या, निर्यातदार यांच्या पेढ्या भरत. हा सगळा व्यवहार त्या एका सांगाड्यामागे उभा आहे. छायाचित्र मात्र सांगते की पाऊस पडला नाही म्हणून बैल मेला. गोष्ट तिथेच संपते.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती. जनावराच्या तुलनेत माणसाची किंमत काय, हे महाडइतके उघडपणे दुसऱ्या कुठल्या घटनेने सांगितलेले नाही. त्याच परिषदेत मृतमांस सोडण्याचा निर्धार झाला. पुढच्या वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले. पाण्याचा, मेलेल्या ढोराचा आणि वतनाचा असे हे तीन लढे वेगळे नाहीत.

या लढ्याला वृत्तपत्रांनी कसे उत्तर दिले तेही इतिहासात आहे. नागपूरच्या धर्मांतरानंतर, १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात, बाबासाहेबांनी एक जुनी आठवण सांगितली. महारांनी ढोरे ओढणे सोडले तेव्हा ‘केसरी’तून हिशेब मांडण्यात येत होता की कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडून महारांचेच नुकसान होणार आहे. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की यात एवढा नफा असेल तर तो तुम्हीच घ्या; ढोरेही तुम्हीच ओढा, वर पैसे मी देतो. या उत्तराला प्रत्युत्तर आले नाही, येणे शक्यही नव्हते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मेलेले जनावर वृत्तपत्राच्या पानावर आले, पण ते आले आमच्या नुकसानीचा हिशेब होऊन. ओढणाऱ्याच्या मनाचा हिशेब त्या पानावर कधी मांडला गेला नाही.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने वृत्तपत्रीय चित्राला नवे वळण दिले. त्या वर्षी २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली आणि दिल्लीचे व लंडनचे सरकार हडबडले. सुनील जाना यांचा कॅमेरा आणि चित्तप्रसाद यांची लेखणी-कुंचला कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांतून हा दुष्काळ देशभर नेत होते. चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. झैनुल आबेदिन यांच्या काळ्या शाईच्या रेखाटनांत माणसांच्या शेजारी कावळे आणि कुत्री आहेत. इथे जनावर वेगळेच काम करते. ते दया मागत नाही, ते आरोप करते. कावळा पुष्ट आहे आणि माणूस वाळलेला आहे, हे एकाच कागदावर दिसते तेव्हा पाहणाऱ्याला विचारावेच लागते की धान्य गेले कुठे. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवून दिले की बंगालमध्ये मरणाऱ्यांत भूमिहीन शेतमजूर, कोळी असे लोक सर्वांत अधिक होते. धान्य अजिबात नव्हते असे नाही. ते विकत घेण्याची ऐपत त्यांच्याकडे नव्हती. आबेदिन यांचा कावळा हेच आधी सांगून गेला होता.

म्हणजे चित्रात जनावर असणे हा दोष नव्हे. ते जनावर माणसाकडे बोट दाखवते की माणसाला झाकून टाकते, एवढाच प्रश्न आहे. १९९३ साली सुदानमध्ये केव्हिन कार्टर या छायाचित्रकाराने भुकेने वाकलेले मूल आणि त्याच्या पाठीमागे बसलेले गिधाड असे छायाचित्र घेतले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापले, १९९४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जगभर लोकांनी विचारले की छायाचित्रकाराने गिधाड हाकलले का, मुलाला उचलले का. सुदानमध्ये युद्ध कोण चालवत होते, धान्याच्या वाटा कोणी अडवल्या होत्या, हे विचारणारे थोडे. गिधाडाने पाहणाऱ्याची सगळी नजर खाऊन टाकली. खलनायक म्हणून पक्षी मिळाला की राज्यकर्त्यांना सुटका मिळते.

आता आपल्या १९७२ कडे येऊ. महाराष्ट्रात दुष्काळ म्हटले की आजही हेच साल तोंडावर येते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे. अमेरिकेचा तांबडा मिलो आणि सुकडी यांवर एक पिढी जगली. हातोडीखाली खडी फोडणाऱ्यांत भूमिहीन दलित आणि स्त्रिया यांची संख्या मोठी होती. या मजुरांच्या मोर्चांच्या आणि मागण्यांच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क कायद्यात लिहिला गेला, तो या लोकांच्या हातांनी. तरीही १९७२ ची आठवण म्हणून आज जे चित्र पुन्हा पुन्हा छापले जाते ते बहुधा सांगाड्याचेच. खडी फोडणाऱ्या बाईच्या फुटलेल्या बोटांचे नव्हे.

त्याच १९७२ साली आणखी काय घडले? इंदापूर तालुक्यात बावडा येथे दलितांवर गावाने बहिष्कार टाकला. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांना विवस्त्र करून मारण्यात आले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. म्हणजे पाणी आटले ते सगळ्यांचे, पण पाण्यावरचा पहारा उठला नाही. उलट आटत्या विहिरीवर तो अधिक कडक झाला. दुष्काळाला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणताना यातला निसर्ग किती आणि माणसाने रचलेली आपत्ती किती, हे निवडून पाहिले पाहिजे. भेगाळलेल्या जमिनीवरचे ढोर हे निवडणे टाळण्याचा सोपा मार्ग आहे.

माझ्या आजोबांची एक गोष्ट घरात सांगितली जाते. आमच्या वस्तीने १९५६ नंतर ढोरे ओढणे सोडले होते. बहात्तर साली चारा संपला तशी गावात ढोरे पडू लागली. एका मोठ्या घरचा बैल तीन दिवस गोठ्याच्या मागे पडून होता. वास सुटला तेव्हा निरोप आला, की निदान दुष्काळापुरते तरी या. आजोबा म्हणाले, “बैल जिता व्हता तवा तुमचा, मेल्यावर आमचा कसा?” एवढ्या एका वाक्यासाठी आमच्या बायकांना पुढचे दोन महिने गावच्या विहिरीवर कोणी पोहरा सोडू दिला नाही. आजी दिवसभर तलावाच्या कामावर माती वाहायची आणि रात्री ओढ्यात झरा उकरून पाणी आणायची. त्या बैलाचा फोटो कोणी काढला असता तर तो दुष्काळाचे चित्र म्हणून सहज छापला गेला असता. तीन दिवस तो का पडून राहिला, हे मात्र फोटोत आले नसते.

चारा छावण्यांचा विचारही असाच करावा लागतो. २०१२–१३ चा दुष्काळ, मराठवाड्यातली पुढची कोरडी वर्षे, २०१९ चा उन्हाळा, या सगळ्या काळात बीड, नगर, उस्मानाबाद, सोलापूर या भागांतल्या छावण्यांची छायाचित्रे रोज येत होती. छावणी आवश्यक होती यात वाद नाही. शेतकऱ्याचे जनावर म्हणजे त्याचे भांडवल. ते एकदा गेले की दहा वर्षे उभा राहत नाही. परंतु छावणीत प्रवेश जनावराला आहे. ज्याच्या दावणीला काही नाही, त्याला छावणी नाही. तो ऊसतोडीला जातो, पुण्या-मुंबईच्या पुलाखाली राहतो. दावणीचे जनावर एका जागी उभे असते म्हणून त्याचा फोटो निघतो. गाव सोडून गेलेल्या माणसाचा फोटो गावात कसा निघणार? त्याच्या घराला लावलेले कुलूप हेच त्याचे चित्र, आणि कुलपात वाचकाला करुणा दिसत नाही.

ही गोष्ट महाराष्ट्रापुरती नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरच्या वृत्तपत्रांतून एक वार्ता फिरली, की श्रीलंकेच्या याला अभयारण्यात जनावरे मेली नाहीत, त्यांना आधीच चाहूल लागली. केनियात अनाथ झालेले पाणघोड्याचे पिल्लू आणि शंभरी ओलांडलेले कासव यांच्या मैत्रीवर पुस्तके निघाली. त्याच आठवड्यांत तामिळनाडूत नागपट्टणमला प्रेते उचलण्यासाठी इतर गावांहून दलित सफाई कामगार आणले गेले होते. मदतीच्या छावण्यांतून दलितांना वेगळे काढले गेले, पाण्याच्या टाक्यांना हात लावू दिला नाही, अशा बातम्या आल्या, चौकशीचे अहवालही निघाले. पण पाणघोड्याची गोष्ट मुलांच्या हातात पोहोचली आणि प्रेते उचलणाऱ्यांची अहवालात राहिली.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स बुडाले. ज्यांच्या नावावरून आपल्या पँथरने नाव घेतले त्या काळ्या लोकांची ती मोठी वस्ती. त्या पुरात दोन छायाचित्रे शेजारी ठेवून जगाने पाहिली. पाण्यातून सामान नेणाऱ्या काळ्या तरुणाच्या चित्राखाली ‘लूट करून’ असे होते. तसेच सामान नेणाऱ्या गोऱ्या जोडप्याच्या चित्राखाली ‘सापडलेले अन्न घेऊन’ असे होते. त्याच पुरात एका लहान मुलाकडून बसमध्ये चढताना त्याचा कुत्रा काढून घेण्यात आला, या बातमीने देश हळहळला. आणि २००६ साली आपत्तीच्या योजनांत पाळीव जनावरांची सोय करण्याचा कायदा झाला. कायदा चांगलाच आहे. पुष्कळ माणसे जनावर सोडून जायचे नाही म्हणून मागे राहिली होती, तेव्हा जनावराला वाचवणे म्हणजे माणसालाही वाचवणेच. परंतु ज्या वेगाने कुत्र्याला निष्पाप ठरवले गेले, त्या वेगाने त्या तरुणाला कोणी निष्पाप ठरवले नाही. जनावर निष्पाप असते, कारण ते काही मागत नाही. माणूस हक्क मागतो आणि मागताक्षणी संशयित होतो.

पुराचे हेच. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तबेल्यांतल्या म्हशी दावणीला बांधलेल्या तशा मेल्या. हजारो जनावरांची मढी शहराला हलवावी लागली. नंतर लेप्टोची साथ आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात स्लॅबवर चढवलेल्या म्हशी दिसल्या, आणि रायबाग तालुक्यात घराच्या छपरावर बसलेली मगर घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. पाणी ओसरले, बातमीदार गेले. मग चिखलातून फुगलेली मढी कोणी काढली? महापालिकांची सफाई पथके आली, ती कोणत्या वस्त्यांतून आली हे विचारायची गरज नाही. वतन कायद्याने गेले. मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द केली. पण आपत्ती आली की वतन परत येते. फक्त त्याचे नाव आता ‘कंत्राटी कामगार’ असते. आणि जो हे काम स्वतःच्या पोटासाठी करतो त्याचे काय होते, ते ११ जुलै २०१६ ला ऊना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावच्या तरुणांच्या पाठीवर सगळ्या देशाने पाहिले. मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून त्यांना गाडीला बांधून मारले. त्यांच्या बांधवांनी मग मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. माझ्या मते जनावराचे इतके अर्थपूर्ण चित्र भारतीय वृत्तपत्रांत दुसरे आले नसेल. कारण त्या चित्रात प्रथमच ओढणारा माणूस चौकटीच्या आत होता आणि ढोर कुठे टाकायचे हे त्याने स्वतः ठरवले होते.

कोणी म्हणेल की तुम्हाला जनावरांची कणव नाही. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेणारा माणूस दावणीला तडफडणाऱ्या म्हशीकडे कोरड्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. शिवाय आमची माणसे जनावरांपासून दूर कधीच नव्हती. दुसऱ्याची गुरे राखत आमची बालपणे गेली, शेळीच्या एका पिलावर आमच्या आयांनी मुलांच्या परीक्षेच्या फिया भरल्या. प्रश्न करुणेचा नाही, करुणेच्या वाटणीचा आहे. तथागताच्या करुणेत प्रज्ञेची साथ आहे. ती दुःखाचे कारण विचारते. वृत्तपत्राच्या पानावरची करुणा कारण विचारत नाही, म्हणून ती स्वस्त आहे. शेळी बुडाली याचे वाईट वाटते. पण शेळीवाल्याचे घर नदीच्या पूररेषेतच का होते, गावठाणाची उंच जागा कोणाकडे होती, हे विचारले की करुणेला घाम फुटतो.

म्हणून आपल्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की आपत्तीचे चित्र समोर आले की तीन प्रश्न विचारा. हे जनावर कोणाचे? ते मेले तर ओढणार कोण? आणि ज्याच्याकडे जनावरच नाही तो या पानावर कुठे आहे? आता हातोहाती कॅमेरा आहे. वस्तीतल्या मुलानेही पूर ओसरल्यावरच्या दिवसांची, पाण्याच्या टँकरमागच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्यांची, हातमोज्यांवाचून चिखल उपसणाऱ्यांची चित्रे घेतली पाहिजेत. दिवस, गाव आणि काम त्याखाली लिहून ठेवले पाहिजे. उद्याचा इतिहासकार सांगाडा पाहून पाऊस मोजेल. त्याला माणूस दिसायचा असेल तर तो आपणच नोंदवून ठेवायला हवा.

मराठीत जनावराला ‘मुके’ म्हणण्याची रीत आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव ठेवले ‘मूकनायक’. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती. म्हणजे मुके कोण आहे आणि त्याला मुके कोणी ठेवले, हे त्या एका नावातच स्पष्ट झाले होते. जनावराला वाचा नाही, तो निसर्गाचा भाग आहे. माणसाची वाचा मात्र काढून घेतलेली असते, आणि जे काढून घेतले ते परत घेता येते.